घरातील मत्स्यालयाचे पाणी हिवाळ्यात सुरक्षितपणे उबदार कसे ठेवावे

पुणे, नाशिक, नागपूर या शहरांत डिसेंबरात पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो आणि दुपारी पुन्हा तिशीच्या आसपास जातो. घरात आपल्याला हा फरक फारसा जाणवत नसला, तरी दोन फुटांच्या टाकीतील माशांना तो सोसावा लागतो. गप्पी, मॉली, एंजल, टेट्रा, फायटर हे मासे उष्ण कटिबंधातील असून त्यांना साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. डिस्कसला त्याहून थोडे अधिक, म्हणजे २८ ते ३० अंश लागते. तापमान रोज वरखाली होत राहिले तर मासे मलूल होतात, खाणे सोडतात आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठणारा रोग नेमका अशा वेळी डोके वर काढतो. गोल्डफिश मात्र थंड पाण्याचा मासा आहे. त्याला हीटर लागत नाही. मुंबईत आणि किनारपट्टीवर पुष्कळ घरांत त्यावाचून भागते.

म्हणून पहिली खरेदी थर्मामीटरची असावी, हीटरची नव्हे. काचेवर बाहेरून चिकटवायच्या पट्टीवर खोलीच्या हवेचा परिणाम होतो, त्यामुळे पाण्यात बुडणारा साधा काचेचा थर्मामीटर घ्यावा. आठवडाभर पहाटे आणि दुपारी तापमान लिहून ठेवावे. पहाटेचा आकडा २४ च्या खाली जात असेल किंवा दोन नोंदींत तीन-चार अंशांचा फरक पडत असेल, तर हीटर आणावा.

हीटर किती वॅटचा घ्यावा, हे टाकीतील पाण्यावरून ठरते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६-५७ लिटर पाणी मावते, वाळू-दगड वजा जाता ५० लिटर धरावे. लिटरमागे एक वॅट हा ढोबळ हिशेब आपल्याकडच्या घरांत पुरतो, म्हणजे या टाकीला ५० वॅट. दुकानात अनेकदा ‘मोठाच घ्या, लवकर तापेल’ असे सांगितले जाते. तो सल्ला मानू नये. हीटरचे काम पाणी झटपट तापवण्याचे नसून तापमान टिकवण्याचे आहे, आणि त्यातील थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा भाग, कधी ना कधी चालू स्थितीतच अडकू शकतो. तसे झाले तर ३०० वॅटचा हीटर ५० लिटर पाणी जवळपास दर बारा मिनिटांना एक अंशाने तापवतो, म्हणजे दोन तासांत २६ चे ३५-३६ होतात आणि मासे उकडून मरतात. ५० वॅटच्या हीटरला एका अंशासाठी तासाहून अधिक वेळ लागतो, शिवाय तापलेल्या पाण्यातून उष्णता बाहेरही जात राहते. तेवढ्या वेळात कोणाच्या तरी लक्षात येते. टाकी तीन-चार फुटांची असेल तर एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर दोन टोकांना लावावेत. थर्मोस्टॅट नसलेला स्वस्त हीटर घेऊ नये, आणि बादलीत पाणी तापवायचा रॉड टाकीत कधीही सोडू नये.

आता जोडणी. हीटर टाकीत शक्यतो आडवा किंवा तिरपा, तळाजवळ, पण वाळूत न रुतवता बसवावा. पाणी थोडे कमी झाले तरी तो बुडालेला राहतो. फिल्टरच्या प्रवाहाजवळ जागा दिल्यास ऊब टाकीभर पसरते. बसवल्यानंतर पंधरा-वीस मिनिटे थांबून, काच पाण्याच्या तापमानाला आली की मगच प्लग लावावा. वायर टाकीवरून थेट बोर्डाकडे न नेता सॉकेटच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोळातून खाली गळते, सॉकेटमध्ये शिरत नाही. एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली, जमिनीवर ठेवू नये.

विजेचा धोका नीट समजून घ्यावा, कारण तो दिसत नाही. बाजारातील पुष्कळ हीटरना दोन पिनांचा प्लग असतो, म्हणजे अर्थिंग नसते. अशा हीटरची काच तडकली तर वीज पाण्यात उतरते, पण तिला जमिनीकडे जायला वाट नसल्यामुळे काहीच बंद पडत नाही. मासेसुद्धा नेहमीसारखे फिरताना दिसतात. वाट मिळते ती आपण पाण्यात हात घालतो तेव्हा. घराच्या मीटरबोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर तो त्या क्षणी वीज तोडतो. नुसता एमसीबी (जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडणारा स्विच) या कामाचा नाही. आरसीसीबी बसवलेला असला तरी टाकीत हात घालण्याआधी हीटरचा प्लग उपटावा, केवळ बटण बंद करू नये. पाणी बदलतानाही हीच शिस्त ठेवावी: प्लग काढून पंधरा-वीस मिनिटांनी पाणी उपसावे, कारण तापलेला हीटर उघडा पडला किंवा त्यावर गार पाणी आले की काच तडकते.

तापमान दिवसाला एक-दोन अंशांनीच वाढवावे. हीटरवरच्या आकड्यांवर विसंबू नये, ते सर्रास दोन अंशांनी चुकतात. थर्मामीटर दाखवेल तेच खरे मानून हीटरवरची तापमानाची चकती फिरवावी. पाणी जितके गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप चालू असावा. रोज सकाळी खाणे घालताना थर्मामीटरकडे एक नजर टाकावी, आणि पाणी ठरवलेल्या तापमानाला आले तरी हीटरचा दिवा विझत नसेल तर तो हीटर बदलावा. त्याची दुरुस्ती करून घेण्यात अर्थ नाही.

रात्री वीज गेली तर टाकीच्या तीन बाजूंना गोधडी किंवा थर्मोकोल लावावा, वर हवेपुरती फट ठेवून झाकण घालावे आणि खाणे देऊ नये, कारण थंडीत माशांचे पचन मंदावते. गरम पाणी थेट ओतू नये. तांब्याभर पाणी काढून घेऊन, कोमट पाण्याची घट्ट बुचाची बाटली टाकीत तरंगत ठेवावी आणि ती निवली की बदलावी. घरी इन्व्हर्टर असल्यास ५० वॅटचा भार त्याला सहज पेलतो. आधी एअर पंप आणि मग हीटर असा क्रम ठेवावा.