क्रियापद काढा, ‘वॉज’ बसवा

लिंकिंग व्हर्ब्जची, म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणाऱ्या इंग्रजी क्रियापदांची, यादी पाठ करायला लावणाऱ्या गाइडांशी माझं वाकडं आहे. बी, सीम, बिकम, लुक, फील, टेस्ट, स्मेल... यादी चूक नाही, पण त्यातली बरीच क्रियापदं वाक्यागणिक रंग बदलतात. ‘द कुक टेस्टेड द सूप’ यात चाखण्याची क्रिया आहे आणि सूप हे कर्म. ‘द सूप टेस्टेड सॉल्टी’ यात सूपने काहीही चाखलेलं नाही. ते खारट होतं, एवढंच.

म्हणून वर्गात मी एवढंच सांगते: क्रियापद काढा आणि तिथे इज किंवा वॉज बसवून बघा. ‘द सूप वॉज सॉल्टी’ चालतं, म्हणजे लिंकिंग व्हर्ब. ‘द कुक वॉज द सूप’? आचाऱ्याचंच सूप झालं! टर्नचंही तसंच: ‘द लीव्हज टर्न्ड यलो’ पास, ‘शी टर्न्ड द की’ नापास.

शाळेत वाक्यपृथक्करण केलं असेल तर ‘विधानपूरक’ आठवेल; ‘राम राजा झाला’ यातला ‘राजा’. इंग्रजीत लिंकिंग व्हर्बनंतर येणारं सब्जेक्ट कॉम्प्लिमेंट (कर्त्याचं पूरक) बहुतेक तेच काम करतं: कर्ता कोण आहे ते नामाने सांगायचं, कसा आहे ते विशेषणाने.

विशेषणाने, क्रियाविशेषणाने नव्हे. मुलांचे मार्क जातात ते इथेच. ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट द डोअर’ म्हणजे तिने दाराकडे रागाने पाहिलं. इथे वॉज घातलं की वाक्य कोसळतं. तसंच ‘द फ्लॉवर्स स्मेल स्वीट’, स्वीटली नाही. शेवटी एल-वाय जोडलं की इंग्रजी भारदस्त होतं, हा समज कुठून आला कोण जाणे.

‘शी इज रीडिंग’ मधला इज मात्र नुसता सहायक. तिथे पूरक शोधत बसू नका.

आणि वचन? ‘द ओन्ली प्रॉब्लेम इज द चेअर्स.’ मागून अनेकवचन आलं की हात आर लिहायला शिवशिवतो, पण क्रियापद ऐकतं कर्त्याचं. वाक्य फिरवा, मग आर येईल: ‘द चेअर्स आर द ओन्ली प्रॉब्लेम.’