चर्चमधल्या पाटीवरून युद्धात गेलेला शिपाई कसा शोधायचा

इंदूरहून पातालपानीला जाताना महू लागतंच, अशा जुन्या छावणीतल्या चर्चमध्ये भिंतीवर कुणा साहेबाची पितळी नाहीतर संगमरवरी पाटी दिसली तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका, त्यावरून माणूस शोधता येतो.

आधी तिथल्या फादरना विचारा, प्रार्थना चालू असताना मोबाइल काढू नका, आणि आजूबाजूला मिलिटरी एरिया असेल तर बाहेरचे फोटो जपूनच. पाटी पुसट असेल तर समोरून फ्लॅश मारून काही दिसत नाही, टॉर्च एका बाजूने तिरका धरा, सावली पडून अक्षरं उठतात. आणि प्लीज, पितांबरी घेऊन घासायला जाऊ नका, जुन्या पितळी पाटीच्या कोरलेल्या अक्षरांत काळं मेण भरलेलं असतं बरेचदा, ते निघालं की संपलं.

आता मेन गोष्ट. पाटी आहे म्हणजे कबर तिथंच आहे असं अजिबात नाही, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मृतदेह घरी न्यायला १९१५ पासूनच बंदी घातली होती, म्हणून तर घरच्यांनी, रेजिमेंटवाल्यांनी भिंतीवर पाट्या लावल्या. 'किल्ड इन अ‍ॅक्शन' लिहिलंय म्हणजे लढताना पडला, अशांची कबर कित्येकदा सापडतच नाही, नाव मोठ्या स्मारकावर असतं. 'डाइड ऑफ वून्ड्स', म्हणजे जखमांनी नंतर गेला, असं असेल तर हॉस्पिटलजवळच्या कबरस्तानात सापडायचा चान्स जास्त.

मग नाव, रेजिमेंट, तारीख घेऊन कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात गेलेल्यांच्या कबरी, स्मारकं सांभाळणारी संस्था) साइटवर सर्च मारा, फ्री आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधलेच मृत्यू मिळतील. भारतीय रेजिमेंटचे नंबर १९२२ ला बदलले हे डोक्यात ठेवा, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री पुढे ५ व्या मराठाची तिसरी बटालियन झाली, नंतरच्या नंबराने शोधाल तर हात हलवत परत याल.

आपल्याकडचा शिपाई शोधायचा तर जरा किचकट आहे. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर साहेबांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांचा रेजिमेंटखाली नुसता आकडा, संताप येतो खरं तर. पण साइटवर नावं मिळतात, बऱ्याचदा आडनाव नसतं, बापाचं नाव आणि गाव असतं, म्हणून अ‍ॅडिशनल इन्फर्मेशनच्या रकान्यात सातारा, रत्नागिरी असं इंग्रजीत टाकून बघा, स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी.