नाल्यावर कारखान्याचा परिणाम मोजताना

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीलगतचा नाला काळा दिसला की लोक बाटलीभर पाणी लॅबमध्ये देऊन मोकळे होतात. एका बाटलीवरून कारखान्याबद्दल काहीच ठरत नाही. बहुतेक नाल्यांत वस्तीचं सांडपाणी आधीच आलेलं असतं. म्हणून तीन नमुने घ्या: कारखान्याचं पाणी सोडणाऱ्या पाइपच्या वरच्या अंगाला, पाइपच्या तोंडावर आणि खालच्या अंगाला. खालची जागा ठरवताना काठ, मध्य, काठ असं तीन ठिकाणी कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं यंत्र) बुडवा. आकडे जुळले तर पाणी नीट मिसळलंय; नाही तर आणखी पुढे जा. मध्ये दुसरा नाला मिळत असेल तर मात्र जागाच बदला.

विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच पकडावा लागतो. ३०० मिलीची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) बुडबुडा न राहू देता भरा, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड प्रत्येकी १ मिली सोडा, बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका धरला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पाणी मेलेलं आहे, लॅबच्या आकड्याचीही वाट बघायला नको. हे काम सूर्योदयाआधी करायचं. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं, लिटरमागे ११-१२ मिलिग्रॅम दिसतात आणि घाण नाला कागदावर स्वच्छ ठरतो. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिला तर जंतू वाटेतच घाण खातात आणि आकडा कमी येतो.

आता प्रवाह. हे टाळलं तर बाकीची मेहनत वाया. पाइपच्या वरचा १० मीटरचा सरळ पट्टा निवडा आणि संत्रं सोडा. थट्टा नाही, ते जवळजवळ बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही. १० मीटरला २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर; तळाशी पाणी संथ असतं, म्हणून ०.८५ ने गुणा. रुंदी ३ मीटर, सरासरी खोली ०.२५ मीटर असेल तर प्रवाह सेकंदाला ०.२५५ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर).

समजा कारखाना २ एमएलडी पाणी सोडतो आणि त्याचा बीओडी ३० आहे, म्हणजे मर्यादेच्या आत. नाल्याचा वरचा बीओडी ४ धरला तर मिसळल्यावर (२२×४ + २×३०) ÷ २४, सुमारे ६.२ होतो. मे महिन्यात नाला २ एमएलडीवर आला की तोच हिशेब १७ वर जातो. कायदा पाळूनही नाला मरतो तो असा. म्हणून पावसाळ्यानंतरच्या एकाच फेरीवर उभा केलेला अहवाल स्वीकारू नका.

तुमचे नमुने न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाहीत. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाने रीतसर नोटीस देऊन नमुना घ्यावा लागतो. तक्रारीला मात्र जागा, वेळ, प्रवाह आणि तिन्ही आकडे एकत्र जोडा.