वर्ड की नोटपॅड? मराठी-कन्नड मजकूर करताना या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात डीटीपीचं काम करणाऱ्यांना ही तक्रार ओळखीची असेल: ‘वर्डमध्ये पत्रिका व्यवस्थित होती, नोटपॅडमध्ये घेतली आणि सगळी इंग्रजी अक्षरं आली.’ मग नोटपॅडने फाइल खराब केली असं समजून लोक तिथेच थांबतात. नोटपॅडने काहीच बिघडवलेलं नसतं. आत जे होतं तेच त्याने दाखवलं.

वर्ड मजकुरासोबत फॉन्ट, आकार, रंग, समास असं सगळं साठवतो. नोटपॅडच्या फाइलमध्ये फक्त अक्षरं राहतात. श्रीलिपी, कृतिदेव किंवा नुडीचे जुने फॉन्ट वापरले असतील, तर फाइलमध्ये मराठी-कन्नड नसतंच. असतात ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतांक. त्यांना देवनागरी किंवा कन्नड रूप फॉन्ट देतो. आपल्याकडे गणेशोत्सवाचं पत्रक असो वा लग्नपत्रिका, दोन्ही भाषा एकाच कागदावर येतात. जुन्या पद्धतीत दोन्ही त्याच संकेतांकांवर बसतात. फॉन्ट काढला की मराठी कुठे संपलं आणि कन्नड कुठे सुरू झालं, हेही कळत नाही.

म्हणून फॉन्ट काढण्याआधी, मूळ वर्ड फाइलमध्येच दोन्ही भाषांचे परिच्छेद वेगळे करा आणि ज्या त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा संकेतांक देणाऱ्या पद्धतीत आणा. नंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘वऱ्हाडी’मधला ‘ऱ्ह’ डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर तिथेच जास्त चुकतात. आमंत्रणातलं कुणाचं नाव चुकलेलं छापलं जाऊ नये, एवढ्यासाठी ही मेहनत घ्यायलाच हवी. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड यांना प्रत्येकी 128 जागांचे स्वतंत्र विभाग आहेत, त्यामुळे दोन्ही भाषा साध्या नोटपॅडमध्येही शेजारी शेजारी नीट राहतात.

पण सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवण्याची पद्धत, बघा. ‘एएनएसआय’ निवडलं तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि फाइल बंद केल्यावर मूळ मजकूर परत मिळत नाही. नोटपॅड आधी इशारा देतो. तो न वाचता ‘ओके’ दाबू नका. ‘यूटीएफ-8’ निवडा. 2019 नंतरच्या विंडोजमध्ये नोटपॅड नव्या फाइलला तेच लावतो, जुन्या संगणकांवर मात्र हाताने निवडावं लागतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांची चूक वेगळी. प्रोग्रॅम वर्डमध्ये लिहितात किंवा वर्डमधल्या नोट्समधून उचलतात. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतो, दोन डॅशचा एक लांब डॅश करतो. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेला ते चालत नाही आणि ओळ बरोबर दिसत असूनही एरर येते. कोडसाठी नोटपॅड++ किंवा व्हीएस कोड घ्या. आलेली वळणदार चिन्हं ‘फाइंड-रिप्लेस’ने बदला.

उलटी चूकही होते. वर्गणीची यादी नोटपॅडमध्ये स्पेस देऊन रकान्यांत बसवतात. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, रकाने हलतात. तिथे वर्डचा तक्ताच वापरा, आणि छापखान्यात फाइल पाठवताना पीडीएफ करून पाठवा, म्हणजे तिकडच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तरी पत्रक जसंच्या तसं उघडेल.