खाशाबांचं कोल्हापूर पायी कसं दाखवायचं

कोल्हापुरात पाहुणे आले की अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा आणि चपला, एवढ्यात शहर उरकतं. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे पैलवान खाशाबा जाधव, यांचा विषय निघालाच तर "ते ऑलिंपिकवाले ना?" म्हणून गाडी पुढं. मी लोकांना शहरात चालत फिरवते. खाशाबांवरची फेरी तुम्हाला घरच्या पाहुण्यांसाठी किंवा शाळेच्या पोरांसाठी स्वतः काढायची असेल, तर ती कशी काढायची ते सांगते. अंतर फार नाही, गंगावेशीपासून खासबाग कुस्ती मैदानापर्यंत जेमतेम दोनेक किलोमीटर. वेळ मात्र तीन तास धरा, कारण चालण्यापेक्षा थांबणं जास्त आहे.

सुरुवात पहाटेच करायची, त्याला पर्याय नाही. साडेपाच-पावणेसहाला गंगावेशीत माणसं गोळा झाली पाहिजेत. "आम्ही नाश्ता करून नऊला येतो" म्हणणाऱ्यांना सरळ सांगा, नऊला तालमीत दोरीवर वाळत घातलेले लंगोट तेवढे दिसतील. पहाट जमत नसेल तर संध्याकाळची मेहनत असते, पण तेव्हा रस्त्यावर गाड्यांचा गोंधळ आणि महाद्वार रोडला खरेदीची गर्दी, तुमचा आवाज तिसऱ्या माणसाला पोचत नाही. नवरात्रात आणि अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या दिवसांत ही फेरी काढूच नका.

दुसरी तयारी वस्तादांची. तालीम म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, तिथं पोरं राहतात, स्वयंपाक करतात, अंग मोडेपर्यंत जोर-बैठका मारतात. आदल्या दिवशी स्वतः जाऊन विचारायचं, फोनवर नाही. मी गेले की संवाद साधारण ठरलेला असतो.

"वस्ताद, उद्या सकाळी पाव्हणं आणू का?"

"आणा की. खरं पोरांची मेहनत मोडायची न्हाई."

"आठ-दहा जण आहेत. चार बायका."

"येऊ देत. भिंतीकडंनं बसवा. आन् फोटो काढताना आदी इचारा म्हणावं, पोरं लंगोटावर असत्यात."

बायकांचं आधी सांगून ठेवणं बरं. काही तालमीत आजही दारातूनच बघू देतात, काही ठिकाणी आत बसवतात. दारात जाऊन हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्या दिवशीची सकाळ जाते आणि पुढच्या वेळी तुम्हालाही कुणी आत घेत नाही. चपला बाहेर काढायच्या, मारुतीला हात जोडायचे, हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पाय टाकायचा नाही. एवढं पाळलं की कुणाची काही तक्रार नसते.

आता फेरीचा धागा. धागा नसेल तर नुसती ठिकाणं होतात, आणि ठिकाणं गूगलवर सापडतात. मी धागा एकच धरते: 1948 साली खाशाबांच्या पाठीशी एक संस्थान होतं, 1952 साली ते नव्हतं. मग 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचा खर्च केला कुणी? हा प्रश्न पहाटे गंगावेशीतच लोकांच्या कानावर घालायचा आणि उत्तर भवानी मंडपापर्यंत द्यायचं नाही.

गंगावेस तालमीत आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं काही बोलू नका. पोरांना हौदा उकरताना बघू द्या. फावड्यानं माती वरखाली होते, ढेकळं फुटतात, मग ती पायानं सारखी केली जाते. हौदा उकरणं हीच पहिली मेहनत. ही शेतातली माती नाही. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असं काय काय मुरवलेलं असतं, त्यामुळं ती हाताला लोण्यासारखी मऊ लागते आणि वासही वेगळा येतो. वस्तादांना विचारून चिमूटभर माती पाहुण्यांच्या तळहातावर द्या. पोरं एकमेकांच्या पाठीवर माती टाकतात ती कशासाठी, हे कुणीतरी विचारतंच. घामानं निसरडं झालेलं अंग पकडीत यावं म्हणून.

इथंच माती आणि मॅटचा, म्हणजे ऑलिंपिकची कुस्ती होते त्या गादीचा, फरक समजावून सांगायचा, नंतर नाही. मातीतली कुस्ती निकाली. पाठ लागली की संपलं, नाहीतर हलगी वाजत राहते आणि जोड झुंजत राहते. माती पाय धरते, त्यामुळं बळाला आणि दमाला भाव. मॅटवर पाय सुटा राहतो, हालचाल झटपट होते, घड्याळ चालू असतं आणि पंच गुण मोजतात. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या मातीत वाढलेले खाशाबा 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते ही मातीची सवय घेऊनच. तिथं रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकानं त्यांना मॅटचं शिक्षण दिलं, आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. मॅटची नीट ओळख नसलेल्या गड्यासाठी सहावा क्रमांक म्हणजे काय, हे हौद्याच्या काठावर बसल्यावर आपोआप कळतं.

तालमीतून बाहेर पडलं की दूध कट्टा. म्हशी दारात आणून समोर धार काढून देतात, ग्लासात फेस वर येतो. लहान पोरं नाक मुरडतात, त्यांना जबरदस्ती करू नका. ज्यांना पोटाला सोसत नाही त्यांनी चहा घ्यावा. पण मोठ्यांना इथं खुराकाचं गणित सांगा: दूध, तूप, बदाम, थंडाई. पैलवान पोसणं हा गरीब घराला न झेपणारा खर्च आहे, आणि म्हणूनच कोल्हापुरात कुस्ती आणि राजाश्रय हे शब्द जोडीनं येतात. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना बळ दिलं, देशभरातले मल्ल इथं आणले.

बाहेरगावच्या लोकांना एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. वाटेत 'अमुक तालीम मंडळ' अशा पाट्या दिसतात आणि आत कुस्तीचा पत्ता नसतो. कोल्हापुरात तालीम मंडळ म्हणजे पेठेचं मंडळ; पाटाकडील आणि दिलबहार ही नावं काढली तर इथला पोरगा तुम्हाला कुस्तीचं नाही, फुटबॉलचं सांगत बसेल. हा फाटा गमतीचा आहे, पण दोन मिनिटांत मिटवा, नाहीतर शाहू स्टेडियमच्या गप्पांत फेरी कायमची अडकते.

महाद्वार रोडनं पुढं या. अंबाबाईचं दर्शन ज्यांना हवंय त्यांना फेरी संपल्यावर सोडा; मध्येच सोडलं तर सगळे परत गोळा होत नाहीत. भवानी मंडपात कमानीच्या आतल्या बाजूला उभं राहायला जागा मिळते. जवळच मेन राजाराम हायस्कूलची जुनी दगडी इमारत आहे. राजाराम कॉलेज पूर्वी याच परिसरात भरायचं. पहाटेच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जागा ही.

कॉलेजच्या क्रीडा स्पर्धेत खाशाबांना कुस्तीत उतरायचं होतं. उंची बेताची, अंगकाठी बेताची; क्रीडाशिक्षकांनी नको म्हटलं. खाशाबा थेट प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांकडं गेले, त्यांनी परवानगी दिली, आणि हा ठेंगणा गडी एकामागून एक कुस्त्या मारत गेला. 1948 च्या लंडनवारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मग 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1952 ला हेलसिंकीचं बोलावणं आलं तेव्हा ज्या वाड्याच्या दारात आपण उभे आहोत तिथं मागायला जावं असा राजाच राहिला नव्हता. मुंबई सरकारकडं मदत मागितली तर स्पर्धा झाल्यावर या, असं उत्तर आल्याचं सांगतात. शेवटी वर्गणी गोळा झाली, आणि खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. पदक आणल्यावर खाशाबांनी कुस्त्या धरून ते पैसे फेडले आणि घर सोडवलं.

हे सांगून झालं की जरा गप्प राहा. मुलांची सहल असेल तर कुणीतरी विचारतंच, "आणि हरले असते तर?" त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, बरोबरच्या शिक्षकांना देऊ द्या.

मोतीबाग तालीम इथून हाकेच्या अंतरावर. इथं मी फार वेळ घालवत नाही, कारण तोवर साडेसात होतात आणि मेहनत आटोपत आलेली असते. पण हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांनी इथं पोरं घडवली, हे सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाही. खाशाबांनंतरही इथली तालीम मातीशी इमान राखून राहिली. मॅट यायला बराच काळ गेला. मला विचाराल तर हा आपल्या कुस्तीचा हट्ट होता आणि तो महागात पडला. हे मत काही वस्तादांसमोर बोलण्याजोगं नाही.

शेवटचा मोठा थांबा खासबाग. चालत दहा मिनिटं. लगतच केशवराव भोसले नाट्यगृह आहे, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालेलं. त्या परिसरात काम काय चाललंय आणि मैदानात जाता येईल का, हे आदल्या दिवशी गेटवर विचारून ठेवा. आत सोडलं तर खाली उभं राहून माहिती देत बसू नका. सगळ्यांना वेगवेगळ्या उंचीवर पायऱ्यांवर बसवा, एकाला अगदी वरच्या टोकाला पाठवा. मग मधल्या आखाड्याच्या काठाशी उभं राहून साध्या आवाजात विचारा, "दिसतंय का?" वरून हात हलतो. शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले होते, रोमचं गोल क्रीडागार पाहून त्यांच्या डोक्यात ही कल्पना आली आणि 1912 मध्ये मैदान उभं राहिलं. आखाडा उंचावर, भोवती उतरते टप्पे. हजारोंनी बसलेल्या माणसांत कुणाचं डोकं कुणाच्या आड येत नाही. खांब नाही, आडोसा नाही.

हेलसिंकीची कुस्ती इथं बसून सांगायची. बँटमवेट गट, 57 किलो. खाशाबा 26 वर्षांचे. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले. मग जपानचा शोहाची इशी. ती लढत पंधरा मिनिटांवर चालली आणि खाशाबा गुणांवर हरले. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता, तरी लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवसमोर उभं राहायला सांगितलं. हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेला गडी तिथंही हरला. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते हे. दुसरं 1996 ला लिअँडर पेसनं आणलं, म्हणजे मधे 44 वर्षं गेली.

गोष्ट रंगवायचा मोह इथं फार होतो. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत निघालेल्या मिरवणुकीत बैलगाड्या किती, यावर दर माणसाचा आकडा वेगळा. 'शंभरावर' म्हणा आणि सोडा, त्यावर वाद घालत बसण्यात हशील नाही. पुढच्या आयुष्याचं मात्र नेमकं सांगा: 1955 ला पोलिसात उपनिरीक्षक, तिथंच सेवा, निवृत्ती, आणि 1984 मध्ये अपघाती मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्काराची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात, त्या तारखेला फेरी ठेवली तर शाळा आनंदानं येतात.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं नाव इथं कुणी काढलं तर अडवू नका. 2024 ला पॅरिसमध्ये नेमबाजीत त्यानं कांस्य घेतलं, आणि ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक 72 वर्षांनी पुन्हा महाराष्ट्रात आलं. खेळ वेगळा, पण खर्चाचा प्रश्न तोच. रायफल आणि गोळ्या खुराकापेक्षा स्वस्त नाहीत.

खासबागेबाहेर खाऊगल्ली आहे, पण सकाळी तिथं शुकशुकाट. भेळेचा हट्ट असेल तर संध्याकाळी पाठवा, आत्ता मिसळ.

पैशाचं एक. तालमीत वस्तादांच्या हातावर नोट ठेवू नका, ते अपमान समजतात. मी पाहुण्यांकडून आधीच वर्गणी काढते आणि बदाम किंवा तूप नेऊन देते, तेही सगळ्यांसमोर नाही, आदल्या दिवशी विचारायला जाते तेव्हाच.

ज्यांच्याकडं गाडी आणि उरलेला दिवस आहे त्यांनी कराडला जावं, महामार्गानं दीड तास. गोळेश्वर कराडला लागूनच आहे. दुपारी उन्हात गावात फिरण्यापेक्षा कराडात जेवून, प्रीतिसंगमावर थोडं बसून चारनंतर गोळेश्वर गाठा. खाशाबांच्या घराला 'ऑलिंपिक निवास' नाव आहे. तिथं माणसं राहतात, तेव्हा बाहेरूनच बघायचं आणि बेल वाजवायची नाही.