आवाज फाटतोय, पण नेमका कुठं?

गेल्या रब्बीत आमच्या गावच्या भजनी मंडळाला एक ॲम्प करून दिला. २एन३०५५ आणि एमजे२९५५ या पॉवर ट्रान्झिस्टरची जोडी, १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर, बोर्ड घरीच सोल्डर केलेला. परभणीला माझ्या टेबलावर दुपारभर वाजवला, ठणठणीत. सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी बुवांचा फोन, "पखवाजावर थाप पडली की पत्रा फाडल्यागत आवाज यायलाय."

ॲम्प परत आणला. टेबलावर पुन्हा ठणठणीत. तरी दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर बदलले, कारण काहीतरी केल्याशिवाय जीव राहत नाही. देवळात नेला की परत तेच. शेवटी मल्टिमीटर घेऊन संध्याकाळी तिथंच जाऊन बसलो. प्लगमध्ये १७५ व्होल्ट! शिवारातल्या मोटारी चालू झालेल्या.

हिशेब बघा. २३० ला या ॲम्पचा सप्लाय वाजताना अधिक-उणे २४ व्होल्ट मिळत होता, १७५ ला तो १८ वर आला. ट्रान्झिस्टर आणि त्यांना चालवणारे ड्रायव्हर मिळून तीनेक व्होल्ट खातात. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरवर न फाटता २७ वॅट निघायचे, तिथं १४ उरले. बुवांचा आवाज त्यात बसतो, पखवाजाची थाप बसत नाही. लाटेचा माथा सपाट कापला जातो, ते क्लिपिंग. म्हणून पहिलं काम हे, की जिथं आणि ज्या वेळी फाटतो, तिथंच आणि तेव्हाच मीटर लावायचा.

तुमचा ॲम्प फाटत असेल तर सोल्डरिंग गन गरम करायच्या आधी स्पीकर बदलून बघा. ॲम्प बंद करून स्पीकरचा पेपर, म्हणजे कागदी शंकू, दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच आत दाबा. खर्र झालं तर कॉइल घासतेय, ॲम्पचा काही दोष नाही. मग मोबाइलचा आवाज निम्म्यावर आणा. गेन ३०, म्हणजे ॲम्प सिग्नल ३० पट करत असेल तर इनपुटला ०.७ व्होल्टचा माथा आला की आउटपुट २१ व्होल्टला (२४ वजा ३) टेकलंच.

आता कान. मोठ्या आवाजातच फाटतो का बारीक आवाजात? मोठ्या आवाजात असेल तर वरची गोष्ट, सप्लाय मोजा. बारीक आवाजात हार्मोनियमचा लांब सूर खरखरीत येतो आणि आवाज वाढवला की उलट बरा वाटतो, तर तो क्रॉसओव्हर. वरचा ट्रान्झिस्टर बंद होतो आणि खालचा चालू व्हायला उशीर लागतो, मधे फट पडते. बायस, म्हणजे काही वाजत नसतानाही दोघांतून वाहता ठेवलेला थोडासा करंट, कमी आहे.

हे काम घाईत करू नका. इनपुट शॉर्ट करा, स्पीकर काढून ठेवा, बायसचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा रेझिस्टर) सगळ्यात कमीवर. पहिल्यांदा १०० वॅटच्या बल्बच्या सिरीज बोर्डवरून, म्हणजे लाइन बल्बमधून ॲम्पला जाईल अशी, चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. मग थेट लाइनवर या. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची टोकं एका एमिटर रेझिस्टरच्या (पॉवर ट्रान्झिस्टरच्या एमिटरला जोडलेल्या) दोन पायांना लावा. माझा ०.२२ ओहमचा आहे. प्रीसेट केसभर फिरवला की आकडा हलतो, २, ४, ७... १० ला थांबलो, म्हणजे साधारण ४५ मिलिअँपिअर. वीस मिनिटं तसंच सोडा आणि परत बघा. आकडा चढतच असेल तर बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट चिकटलेला नाही. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याखाली असा ॲम्प स्वतःलाच भाजून घेतो.

दोन्ही आवाजांत घाण येत असेल तर आउटपुटला डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. व्होल्टभर आला तर स्पीकर जोडूच नका.

टीडीए२०३० या ॲम्पच्या आयसीवाल्यांचा वेगळाच रोग. आउटपुटवरचा १ ओहमचा रेझिस्टर आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर "कशाला लागतो" म्हणून गाळतात, नाहीतर इनपुटची वायर आउटपुटशेजारून नेतात. आयसी ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःच वाजत राहतो, आणि गाणं घोगरं येतं. ओळखायचं कसं? काहीच वाजत नसताना आयसी तापतो, तो १ ओहमचा रेझिस्टर लावलेला असेल तर तोही चटका देतो.

गुणगुण येत असेल तर मोठ्या कंडेन्सरची ग्राउंड आणि इनपुटची ग्राउंड वेगवेगळ्या वायरींनी एकाच बिंदूला आणा. अधूनमधूनच फाटत असेल तर ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा. वाजत असताना लाकडी काडीनं एकेक सांधा टोचत जा. बोट नको, आत २३० आहे.

देवळातल्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर मी मोठा, म्हणजे जास्त व्होल्टचा, केला नाही. पहाटे मोटारी बंद झाल्या की लाइन चढते आणि माझे कंडेन्सर ३५ व्होल्टचेच आहेत. ८७ डीबीचा (एका वॅटला एवढा आवाज देणारा) स्पीकर काढून ९३ चा लावला. तेवढ्याच आवाजाला आता चौथाई वॅट लागतात. जुने दोन ट्रान्झिस्टर अजून डबीत आहेत, चांगले.