टोयोटाने केलं तसं: जुना ब्लॉक कापा, मोजा आणि स्वतः ओतून बघा

मेकॅनिकल डिप्लोमाची पोरं दरवर्षी विचारतात, काका प्रोजेक्टला काय घेऊ, आणि शेवटी तयार मॉडेल आणून रंग मारून मोकळी होतात. त्यापेक्षा टोयोटा मोटर उभी करणाऱ्या किइचिरो टोयोडाने जे केलं त्यातला एक तुकडा करून बघा ना. लूम म्हणजे कापड विणायची यंत्रं बनवणारी कंपनी, 1933 ला तिथेच गाड्यांचं खातं काढलं, अमेरिकन शेवरोले गाडी आणून सगळी खोलली, 1934 ला इंजिन तयार आणि मे 1935 ला ए1 नावाची पहिली गाडी. वाचायला सोपंय, पण खरा घाम निघाला तो ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा लोखंडी सांगाडा, ओतताना. लूमचं कास्टिंग, म्हणजे ओतीव काम, त्यांच्या हातचा मळ होता, पण ब्लॉकमध्ये पाणी फिरायला आतून पोकळी लागते, तिथे कास्टिंगवर कास्टिंग भंगारात गेली.

म्हणून आपण अख्खं इंजिन नाही, फक्त एक सिलिंडर आणि भोवतीचं वॉटर जॅकेट, म्हणजे तीच पाण्याची पोकळी.

नाशिकजवळ सिन्नर-निफाडकडे विहिरीवर गंजत पडलेलं पाण्यावर थंड होणारं पाच एचपीचं डिझेल इंजिन शोधा. तडा गेलेला ब्लॉक असला तर उत्तमच, किलोच्या भावात मिळतो आणि आपल्याला तो कापायचाच आहे. पण कापायच्या आधी मोजा, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, नाहीतर झीज झालेलं माप मूळ माप समजून बसाल. मग नाशिकच्या अंबडला कोणाकडे बँडसॉ (धातू कापायची पट्टी-करवत) असेल त्याला चहा पाजून ब्लॉक उभा चिरून घ्या. आतली पोकळी बघितली की कळतं भिंत किती पातळ आहे.

आता पॅटर्न, म्हणजे पार्टच्या आकाराचा नमुना, जो वाळूत दाबून मोल्ड (साचा) करतात. इथे सगळे फसतात, मी पण फसलोय. लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे मोजलेल्याच मापाचा पॅटर्न केला तर पार्ट लहान येणार. पॅटर्नवाल्याने मला विचारलंच नाही, मी सांगितलं नाही, आणि 200 मिमीचा पार्ट 198 चा हातात आला, बोंबला. तर आकस धरा आणि जिथे मशीनिंग होणार तिथे जास्तीचे 3 मिमी सोडा.

पोकळीसाठी कोअर लागतो, म्हणजे पोकळीच्या आकाराचा वाळूचा गोळा जो ओतताना मोल्डच्या आत राहतो आणि नंतर फोडून काढतात. कोरडी सिलिका वाळू 10 किलो, जवसाचं तेल 200 ग्रॅम, थोडा मक्याचा स्टार्च, नीट मळून कोअर बॉक्समध्ये (कोअरला आकार देणाऱ्या पेटीत) ठोका आणि 200 ते 230 डिग्रीला भाजा. रंग बघा, पिवळट म्हणजे कच्चा, काळा म्हणजे जळाला आणि हाताला सुटणार, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा तपकिरी हवा. भाजायच्या आधीच सायकलच्या तारेने हवेची भोकं पाडा. तेलाचा गॅस बाहेर पडायला वाट नसेल तर तो धातूत घुसतो, वरून चकाचक दिसणारा पार्ट आतून जाळीदार पावासारखा निघतो.

लोखंड स्वतः वितळवायच्या भानगडीत पडू नका, खरंच. सातपूर-अंबडच्या एखाद्या फाउंड्रीत जाऊन विनंती करा, हीटच्या (भट्टीतल्या एका खेपेच्या) शेवटी उरलेल्या धातूतून तुमचा मोल्ड ओततील. कोअर मात्र घरून नेताना पावसाळ्यात दमट होतो, तिथेच परत गरम करून घ्या, ओल्या कोअरवर धातू पडला की उसळून बाहेर उडतो.

पार्ट आला की लगेच नाचू नका. टोयोटाचं पहिलं इंजिन चाललं तरी पॉवर शेवरोलेपेक्षा कमीच निघाली, मग हेड बदलून 62 एचपीपर्यंत नेलं. तुमची टेस्ट साधी आहे. जॅकेटची तोंडं बंद करून आत रॉकेल किंवा डिझेल भरा, बाहेरून खडूची पूड फासा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खडूवर जिथे ओला डाग दिसेल तिथे मार्करने गोल करा आणि कोअरला भोक कुठे कमी पडलं ते शोधत बसा.